चौतीस आठवडे

९ फेब्रुवारी

प्रिय ठिपक्या,

तुला आणि सूनबाईला या म्हातारीचे भरभरून आशीर्वाद. तुम्ही दोघं खुशाल असाल असं मी धरून चालते. पत्र येत नाही म्हणजे पोर धडधाकट आहे, अशी मी माझी समजूत घालून ठेवली आहे आणि ती मोडायची तुलाही काही घाई दिसत नाही.

कारखान्यात साहेब झालास तरी मी ठिपक्याच म्हणणार. बाबांच्या ब्रशचा ठिपका नाकावर घेऊन शाळेत जायचास आणि मास्तरांनी विचारलं की ठणकावून सांगायचास, "जन्मखूण आहे." रोज वेगळ्या रंगाची जन्मखूण!

इकडची खबर म्हणजे मी बरी आहे. जिना चढताना गुडघे बोलतात, पण त्यांचं बोलणं मी मनावर घेत नाही. समोरचे शिंपीकाका आहेत तसेच आहेत. तोंडात टाचण्या धरूनही न थांबता बोलतात. त्यांचा एक गुडघा मात्र पार कामातून गेला, तो बदलून घ्यायचा आहे. कोपऱ्यावरच्या बेकरीने दार निळं केलं आणि वर नवी पाटी लावली. तुझ्या बाबांनी नाही रंगवली. दुसऱ्याच कुणी रंगवली. तेच सांगायला बसले आहे.

बाबांचे डोळे अधू झालेत. लगेच घाबरू नकोस. गेल्या वर्षभरात डाव्या हाताशी ठेवलेला रंगाचा डबा तीनदा लवंडला. मी म्हटलं, वय झालं. येता-जाता दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. मी म्हटलं, लक्ष ठिकाणावर नाही. मग औषधाच्या दुकानाची पाटी केली. अक्षरं मोत्यासारखी, उजवीकडची किनार सुरेख, आणि डावीकडची किनार नाहीच! दुकानदार म्हणाला, "काय पेंटर, डावी बाजू पुढच्या वर्षी करणार वाटतं?" बाबाही हसले. घरी येऊन शिडी भिंतीला टेकवली, ती अजून तिथेच आहे.

डॉक्टर काचबिंदू म्हणतात. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडून जाते, कागदाला कडेने वाळवी लागावी तशी. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. थेंब दिलेत, दिवसातून तीनदा. मी घालते. साठी उलटलेला माणूस, पण बाटली जवळ आली की पाच वर्षांचा होतो. डोळे गच्च मिटतो आणि निम्मं औषध गालावर. पण नुसत्या थेंबांनी भागत नाही. शस्त्रक्रिया करावी लागणार.

आता इथे नवी पद्धत आली आहे. पूर्वी डॉक्टर बोट दाखवतील तिकडे जायचं. आता पेशंटने स्वतः रुग्णालय निवडायचं. निवड कक्षातून घरी कागद येतो. त्यावर रुग्णालयांची नावं, आणि प्रत्येकाच्या पुढे किती आठवडे थांबावं लागेल तो आकडा. आपण एका चौकोनात खूण करून पाठवायची. कुणी सांगत नाही, कुणी अडवत नाही. जन्मात पहिल्यांदा सरकारने मला विचारलं, बाई, तुला काय हवं? तर माझी बोबडीच वळली.

आपल्याला झेपण्यासारखी दोनच. नदीपलीकडचं आणि तुमच्या शहरातलं. इथे सगळे त्यांना धाकटं आणि थोरलं म्हणतात, सख्खे भाऊ असल्यासारखं. बाबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "ताई, तूच वाच आणि तूच भर." मी वाचून दाखवलं आणि थोरल्यावर खूण केली. तिथे नावाजलेले डॉक्टर आहेत, नवी यंत्रं आहेत. थोडं थांबावं लागेल, थांबू.

थोरलं तुझ्या घरापासून दोनच गल्ल्यांवर आहे असं शिंपीकाका म्हणाले. मला काही माहीत नव्हतं. सहज कळलं, म्हणून सहज लिहिते.

धाकट्याबद्दल काही लिहीत नाही. तुझी आई त्या दारातून आत चालत गेली होती. बाबांनी ते निवडलं, कारण जवळ होतं आणि तारीख लवकरची मिळत होती. साधी पित्ताशयाची शस्त्रक्रिया. नंतर त्या फाटकाशी तू बाबांना जे म्हणालास ते मी ऐकलं होतं. चार वर्षं झाली, घरात कुणी ते उच्चारलेलं नाही. राहू दे ते.

उत्तर लिहायलाच हवं असं नाही. जाता-येता त्या थोरल्याच्या खिडकीवर डोकावलास आणि रांग कितीशी आहे ते विचारलंस तर बघ. नाही जमलं तर नाही.

तुझी
आत्या

ता. क. हे पत्र लिहिल्याचं बाबांना सांगितलेलं नाही.


३ जून

प्रिय ठिपक्या,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. "आत्या, खिडकीवर विचारलं. पेशंटने स्वतः यावं म्हणतात." सात शब्द. मी मोजले. मोजले म्हणून रागावू नकोस, चार वर्षांत आलेले सात शब्द आहेत ते. आणि त्या सातांच्या पोटात आठवी गोष्ट आहे, की तू कामावरून सुटून तिथे गेलास आणि रांगेत उभा राहिलास.

मग मला राहवेना. बाबांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अक्षर कसं आहे?" मी म्हटलं, घाईचं. "रेघ सरळ आहे का?" म्हटलं, तूच बघ की मेल्या. कागद घेतला, नाकासमोर धरला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. मी म्हटलं, दिसतंय का काही? "दिसतंय तेवढं बघतो," म्हणाले. मी पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात गेले. बापाचं मन, न दिसतानाही बघतंय.

रांगेची हकिकत सांगते. निवड कक्षाच्या बाहेर दर महिन्याला आठवड्यांची नवी यादी लावतात. पहिल्या तारखेला तिथे ही झुंबड! फेब्रुवारीत धाकट्यात डोळ्यांसाठी सहा आठवडे होते. धाकट्याचे सहा बघून सगळे तिकडे धावले. आता तिथे एकोणीस आहेत. थोरल्याचं तर विचारूच नकोस. नाव मोठं, त्यात नवी इमारत. ज्याचं तिथे नीट झालं तो दहा जणांना सांगतो, ते दहा जण तिथेच खूण करतात. आणि अपघाताचे डोळे आधी घेतात, ते बरोबरच आहे. आपली रांग पुढे सरकायच्या ऐवजी लांबत चालली आहे.

शिंपीकाकांचं ऐक. त्यांनी गुडघ्यासाठी आधी थोरलं निवडलं. महिन्याने यादीत धाकट्याचा आकडा कमी दिसला, तर लगेच बदलून धाकटं केलं. पुढच्या महिन्यात तिसऱ्याच गावातलं एक निघालं, तिथे पाचच आठवडे. गेले तिकडे. त्यांच्याबरोबर निम्मं गावही गेलं. आता पुन्हा थोरल्यात आले आहेत, सगळ्यांच्या मागे. मला म्हणतात, "ताई, आयुष्यभर लोकांची मापं घेतली, पण हे माप काही हाताला लागत नाही. कापड कापायला घ्यावं तर गिऱ्हाईक जाडं झालेलं असतं!"

मी कक्षातल्या कारकून बाईंना विचारलं, आम्ही आता बदललं तर? त्यांना बारमाही सर्दी असते, बिचाऱ्या नाक पुसत पुसत सांगतात. म्हणाल्या, "आजी, रांग त्या त्या रुग्णालयाची असते, माणसाची नसते. रुग्णालय बदललं की तुमचा माणूस नवा. आज आला असं धरायचं."

"आणि चार महिने थांबलाय ते?"

"ते तिकडे थांबला ना. इकडे नाही थांबला."

मी म्हटलं, अहो, डोळे तर तेच आहेत. त्यांनी पुन्हा नाक पुसलं. चांगली बाई आहे, मला बसायला स्वतःची खुर्ची दिली. पण खुर्चीपलीकडे तिच्याही हातात काही नाही. मी तिथे बसून यादी बघत राहिले. सगळी माणसं बोटाने आकडे दाखवत होती, आनंदाने नव्हे, पण निवडत होती. आणि प्रत्येकाने निवडलं की दुसऱ्याचा आकडा वाढत होता. कुणाला शिव्या घालायच्या तेच कळेना.

तेव्हा आपण थोरल्यातच आहोत. पहिल्या दिवसापासून धरून एकेचाळीस आठवडे म्हणाल्या, त्यातले सोळा झाले. बाबा बरे आहेत. दाढी स्वतः करतात. शिडीकडे बघत नाहीत.

सूनबाईला सांग, पाकिटावरचं तिचं अक्षर फार गोड आहे. तिने पत्ता लिहून दिला म्हणूनच ते पाकीट पोस्टात पडलं असणार, मला तेवढं कळतं.

तुझी
आत्या


२१ सप्टेंबर

ठिपक्या बाळा,

आज बाबा झोपले आहेत, दुपारचे. मी खिडकीशी बसले आहे. या पत्रात हवापाणी नाही.

डावा डोळा गेला. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवायला सांगितलं आणि समोर दिवा धरला. बाबा म्हणाले, "लावा आता." डॉक्टर म्हणाले, "लावलेलाच आहे." उजव्यात अजून थोडी नजर आहे. नळीतून पाहिल्यासारखी, असं डॉक्टर सांगतात.

मला तुला एक सांगायचं आहे. पहिल्या पत्रात ते लिहायचं टाळलं, दुसऱ्यातही टाळलं. आधी दुसरंच काहीतरी सांगते, म्हणजे माझा हात सरळ चालेल.

मी शाळेत गेले नाही हे तुला ठाऊक आहे. मला अक्षरं तुझ्या बाबांनी शिकवली. तो तेरा-चौदा वर्षांचा होता, एका पेंटरच्या हाताखाली पाट्या करायला लागला होता. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, नवरा गेल्यावर माहेरी परत आलेली, घरात कुणाला नकोशी. पाटीवर सरळ रेघ मारायची तर खडू लावलेली दोरी दोन टोकांना ताणून धरतात आणि मध्ये चिमटीने उचलून सोडतात, की फटकन रेघ उमटते. एक टोक त्याच्या हातात, दुसरं माझ्या. मग तो नुसत्या कडा आखायचा आणि मला म्हणायचा, "ताई, आतला रंग तू भर." अशी अक्षरं भरत भरत मी वाचायला लागले. मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य कोणतं ठाऊक आहे? "येथे थुंकू नये." तो इतका हसला होता की रंगाच्या डब्यात पडायचा राहिला.

म्हणजे मला वाचता येतं ते त्याच्यामुळे. आणि मी त्याला खोटं वाचून दाखवलं.

फेब्रुवारीत तो कागद माझ्यासमोर होता. धाकटं, सहा आठवडे. थोरलं, चौतीस आठवडे. तुझे बाबा टेबलाच्या पलीकडे बसले होते. मी वाचलं, "धाकट्यात दहा, थोरल्यात चौदा." जीभ अडखळलीसुद्धा नाही. मग म्हटलं, "चारच आठवड्यांचा तर फरक, थोरलंच बरं." ते म्हणाले, "तू म्हणशील तसं." आणि मी खूण केली.

डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी असं सांगितलं होतं. हेही मी तुला लिहिलं नव्हतं. चौदा आठवडे म्हणजे साधारण तेवढेच होतात, म्हणून मी चौदा म्हटलं. बघ, खोट्यातसुद्धा मी हिशेबी.

का केलं, ते तुला कळलं असेल. नावाजलेल्या डॉक्टरांसाठी नाही. तुझ्या घरापासून दोन गल्ल्या, हे मला शिंपीकाकांनी सांगितलंच नाही, मला तुझ्या लग्नाच्या पत्रिकेपासून ठाऊक होतं. त्या पत्रिकेवरचा पत्ता मी पाठ केला होता. मला वाटलं, तपासणीला जाऊ, भरतीला जाऊ, पट्टी सोडायला जाऊ. पाच-सहा खेपा तरी होतील. पाच-सहा खेपांत एकदा तरी पोराच्या पायाला वाट सापडेल. आणि तू म्हणाला होतास ना फाटकाशी, "थोरल्यात नेलं असतं तर आई असती. तुम्ही निवडलंत." मला वाटलं, आता थोरलं निवडलं की तुझं म्हणणं खाली पडणार नाही. तुझा राग उतरेल. मी राग उतरवायला निघाले आणि इकडे डोळा उतरला.

मे महिन्यात चौदा आठवडे भरले. तारीख का आली नाही म्हणून विचारतील, तर काय सांगायचं ते मी आठ दिवस घोकून ठेवलं होतं. त्यांनी विचारलंच नाही. माझ्यावर इतका भरवसा! त्या न विचारण्याने मला जेवढं सोललं तेवढं विचारण्याने सोललं नसतं.

मला क्षमा कर असं म्हणत नाही. क्षमा तुझ्याकडची नाहीच ती, आणि ज्याच्याकडची आहे त्याला सांगायची माझी छाती होत नाही. उठले वाटतं. चहा ठेवते.

आत्या


३० नोव्हेंबर

प्रिय ठिपक्या,

आशीर्वाद. तारीख आली. १२ डिसेंबर, शनिवार, थोरलं रुग्णालय. सकाळी आठ वाजता तळमजल्यावर डोळ्यांच्या विभागापुढे बसायचं, नऊनंतर आत घेतील. चौतीसचे चव्वेचाळीस झाले. फक्त उजवा डोळा करणार. तोही सुधारायला नाही, आहे तेवढा टिकला तर टिकवायला. टिकेल का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आजी, लवकर आला असतात तर मी सांगू शकलो असतो." रागाने नाही म्हणाले. त्यांच्या टेबलावर कागदांचा हा ढीग होता.

तारखेची चिठ्ठी आणायला मी निवड कक्षात गेले होते. कारकून बाईंनी आमचा कागद काढला, शिंकल्या आणि म्हणाल्या, "आजी, ऑगस्टमध्ये धाकट्यात जागा रिकामी झाली होती, तेव्हा का नाही म्हणालात?"

मी म्हटलं, कुणी?

"सहा महिन्यांवर थांबलेल्यांना आम्ही फोन करतो. जिथे कुणी ऐन वेळी रद्द करतं तिथे बोलावतो. तुमच्याकडे फोन केला होता. गुरुवारी या म्हटलं होतं. पेशंटने स्वतः नकार दिला. हे बघा, लिहिलंय." मी वाचलं. लिहिलेलंच होतं. ऑगस्टमध्ये डाव्या डोळ्यात अजून उजेड होता, ठिपक्या.

घरी कशी आले मला ठाऊक नाही. बाबा खिडकीपाशी ब्रश धूत होते. वर्षभर न वापरलेले ब्रश रोज धुतात. मी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. म्हटलं, "फोन आला होता?"

"कुठला?"

"मला खेळवू नकोस. ऑगस्टमध्ये. धाकट्यातून."

त्यांनी ब्रश पुन्हा पाण्यात बुडवला. मग म्हणाले, "आला होता. तू दळण आणायला गेली होतीस."

"आणि तू नको म्हणालास?"

"हो."

मी ओरडले. मी त्याच्यावर कधी ओरडत नाही, त्या दिवशी ओरडले. अरे, डोळा गेला तुझा! तो म्हणाला, "ताई, मला तिथे आत जाता येत नाही. तिला त्या दाराशी मी सोडलं. पिशवी तिच्या हातात दिली आणि म्हटलं, आठवड्यात घरी." मग दुसरा ब्रश हातात घेऊन म्हणाला, "आणि समज, गेलो. समज, माझं तिथे छान झालं. तर मग तिचंच का नाही झालं, हे मी कुणाला विचारू? आणि नसतं झालं, तर पोराचं खरं. दोन्हीकडून मीच."

तेव्हा माझा बांध फुटला. मी सांगून टाकलं. चौदा नव्हते, चौतीस होते. दहा नव्हते, सहा होते. मी तुला खोटं वाचलं. पोरगा जवळ यावा म्हणून वाचलं. सगळं, एका दमात. पिशवी अजून हातातच.

तो हसला. ठिपक्या, तो हसला! आणि मला म्हणाला, "मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"चौतीस. मी वाचलं होतं."

म्हटलं, तुला तर दिसत नाही.

"मला कडेचं दिसत नाही, ताई. मधलं दिसतं. कागद तुझ्यापुढे सरकवण्याआधी माझ्याच हातात होता. आकडा मधेच होता."

मी खाली बसले. सगळं वर्ष माझ्या डोळ्यांपुढून गेलं. तुझं सात शब्दांचं पत्र त्याने नाकासमोर धरलं होतं, तेव्हा तो वाचत होता. मला वाटलं, बापाचं मन. मन कसलं, तो अक्षर न् अक्षर वाचत होता! मे महिन्यात विचारलं नाही, तो भरवसा नव्हता. त्याला उत्तर ठाऊक होतं. मी त्याला फसवते आहे म्हणून झुरत होते आणि तो मला फसवू देत होता.

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं.

म्हणाला, "तू एवढी धीट होऊन खोटं बोललीस. मला एकट्याला तेवढंही धाडस झालं नसतं. पोराच्या गावी जायचं तर मला कारण हवं होतं. तू ते दिलंस." मग ब्रश झटकून डब्यात उभा केला. "चौतीस आठवड्यांत डोळे जातील असं वाटलं नव्हतं. तेवढा अंदाज चुकला. पाटीचा कधी चुकला नाही."

म्हणजे बघ. कागदावर लिहिलंय, पेशंटची निवड. पेशंटने निवडलं. मी निवडलं. दोघांनी एकमेकांपासून चोरून एकच निवडलं, आणि त्या यादीत आम्हाला एक जागा मिळाली, सगळ्यांच्या शेवटची. यात तुझा दोष आहे असं मी म्हणत नाही. तू त्या दिवशी पोरका झाला होतास, पोरक्या माणसाचं तोंड कोण धरतं? पण तुला कळायला हवं म्हणून लिहिलं. इतके दिवस बाबांनी तुझं ते वाक्य मनात ठेवलं ते रागाने नाही. त्यांनी त्यावर खूण केली.

शिंपीकाकांचा गुडघा परवा झाला, थोरल्यातच. चौथ्यांदा बदलणार होते, बायकोने कागद लपवून ठेवला. म्हणाले, "ताई, पेंटरला सांगा, तिथले बाक फार कडक आहेत, उशी घेऊन जा." उशी घेतली आहे.

आता नीट वाच, हे मुख्य आहे. तू येशील की नाही ते मी विचारत नाही. यायचं ठरवलंस तर शस्त्रक्रियेनंतर येऊ नकोस. मग पट्टी असेल आणि पट्टी सुटल्यावर काय उरेल ते कुणी सांगत नाही. शनिवारी सकाळी आठ ते नऊ आम्ही बाकावर असू. त्या एका तासात ये. रुपयाच्या नाण्याएवढी जागा उरली आहे त्यांच्या नजरेत, उजव्या डोळ्याच्या बरोबर मध्ये. बाजूने येऊ नकोस. बाजूला उभा राहिलास तर ते तुझ्याकडे बघणार नाहीत आणि तुला वाटेल, मुद्दाम बघत नाहीत, आणि तू परत फिरशील. तसं करू नकोस. समोर ये, दोन हातांवर थांब, थोडा वाक. त्यांना चेहरा एकदम दिसत नाही. आधी नाक दिसेल, मग डोळे, मग हनुवटी. एकेक अक्षर लावत वाचावं तसं वाचतील. वेळ लागेल. तेवढा वेळ हलू नकोस.

मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलेली असेन. तिथली मी त्यांना आता दिसत नाही. पण दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे ते त्यांना बघावं लागत नाही.

वाट बघण्यात आता बरीच तयार झालेली,
तुझी कडेची
आत्या